नानांच्या पहिल्या घागरीचं पाणी

"पोरी, पानी सुटनं वं! धरणनं पानी सुटनं!"

आत्या फोनवर बोलत नव्हती, ओरडत होती. मी धुळ्याला, नुकतीच शाळेतून शिकवून घरी आलेली, हातात भाजीची पिशवी तशीच. "कधी सुटलं?" एवढं विचारेपर्यंत तिचं पुढचं सुरू. "सकायले आमना गावले येई. आखाजीले गिरणामाय तुमनाकडे पोचस, देख तू!"

पिशवी ओट्यावर ठेवायची विसरून मी खुर्चीत बसले.  परवा आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि ती नानांची पहिली आखाजी होती.

नाना म्हणजे माझे वडील. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत, जळगावच्या दवाखान्यात थोडे दिवस राहून ते गेले. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. कोरी मातीची घागर, तिच्यात पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा आणि सांजोरी. मग निखाऱ्यांवर तुपाचा नि घासाचा नैवेद्य टाकायचा, त्याला आम्ही आगारी म्हणतो. माणूस गेल्यानंतरची पहिली घागर फार जपून भरतात. आता गावात घागर नळाच्याच पाण्यानं भरतात. दुसरं पाणी असतं कुठे? होळी झाली की भडगावच्या अलीकडे-पलीकडे गिरणा कोरडी ठणठणीत पडते. वाळू, गोटे आणि बाभळीची सावली. उन्हाळ्यात गावांना प्यायला म्हणून धरणातून आवर्तन सोडतात, ते कधी आखाजीच्या आधी येतं, कधी महिनाभर नंतर. सणाच्या दिवशीच नदी यावी, असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नव्हतं.

आणि नानांचा तर सगळा जीव त्या येणाऱ्या पाण्यात.

आवर्तनाचं पाणी येणार असं कळलं, की नाना हातातलं काम टाकून द्यायचे. आंघोळ करून धुतलेला पायजमा, टोपी, खांद्यावर रुमाल. ताटात नारळ, खण, हळदकुंकू आणि मूठभर गहू. ते ताट घेऊन ते कोरड्या नदीत उतरायचे आणि वरच्या वळणापर्यंत पाण्याला घ्यायला जायचे. आम्ही भावंडं मागे पळत. पाणी दिसलं की नदीची ओटी भरायची, आणि मग पाण्याच्या कडेकडेनं, त्याच्याच चालीनं चालत, त्याला गावापर्यंत आणायचं. पुरुषासारखा पुरुष ओटी भरतो म्हणून गावात सुरुवातीला खूप हसले लोक. ओटी आधी माझी आजी भरायची. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं ताट नानांच्या हातात दिलं, आणि नानांनी ते पुढे कोणाला दिलंच नाही.

"लेक माहेरले येस," ते म्हणायचे. "तिले घेवाले कोनी जावाले नको का?"

एवढंच त्यांचं देवधर्माचं बोलणं. मायची श्रद्धा मुक्ताईनगरच्या मुक्ताबाईवर, ती उपास करायची, पोथी ऐकायची. नाना तिला मोटारसायकलवर घेऊन जायचे, देवळाबाहेर चपला सांभाळत बसायचे आणि परत आणायचे. पण गिरणेला हात जोडताना त्यांचे डोळे मिटलेले मी पाहिले आहेत.

त्या हात जोडण्याला एक जोड होती, ती मात्र घरात सगळ्यांना जड जायची. आमचं शेत नदीला लागून. आवर्तन आलं की काठावरचे लोक पात्रात पाइप सोडून पाणी ओढतात. त्या दिवसांत काठावरची लाइट तोडलेली असते, म्हणून डिझेलचं इंजीन लावतात. नानांनी कधी लावलं नाही. विहिरीनं तळ गाठलेला, केळीची पानं उभ्या उभ्या करपलेली, आणि शेताच्या बांधाला लागून पाणी खळखळत चाललेलं. तरी नाही. "हे पानी खालना गावेसनं शे, पेवानं शे," म्हणायचे, आणि विषय संपला. दुसऱ्यांना मात्र त्यांनी कधी "तुम्ही लावू नका" म्हटलं नाही. भांडण नाही, उपदेश नाही. स्वतः लावायचं नाही, बस.

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. धुळ्याहून पारोळा, पारोळ्याहून भडगाव. आत्याला वाटेत मी फोनवर सारखी विचारत होते, "कुठपर्यंत आलं?" आणि ती सारखी आलं, आलं म्हणून सांगत होती. "उनं, उनं! पुलखाले शे!" शेजारच्या सीटवरची बाई मला म्हणाली, "कोणाचं बाळंतपण आहे का हो दवाखान्यात?" मी हसत सुटले. सांगितलं, "नदी येतेय आमच्या गावाला." तीही खूश झाली. तिचं माहेर पाचोऱ्याकडचं, नदीकाठचं. तिनंही लगेच माहेरी फोन लावला.

भाऊ मला घ्यायला भडगावला आला होता. माझा भाऊ माझ्याहून धाकटा. शेती तोच करतो. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा उन्हानं पिवळ्या पडलेल्या.  घराच्या अलीकडे नदीकाठानं वळलो, आणि मला ते दिसलं. आमच्या बांधावर निंबाच्या सावलीत डिझेलचं इंजीन उभं, आणि त्याचा काळा पाइप काठावरून खाली कोरड्या वाळूत सोडलेला.

मी मान वळवून पाइपाकडे बघत राहिले. तोच म्हणाला, "अक्का, बघितलं ना? केळी बघितली ना? विहिरीत बादली बुडत नाही. नानांचा काळ वेगळा होता."

"मायला माहीत आहे?"

"तिच्या समोरच आणलं."

घरी माय आणि वहिनी सांजोऱ्या लाटत बसल्या होत्या. मायनं मला जवळ घेतलं, माझ्या गालाला पीठ लागलं. संध्याकाळी जेवताना भाऊनं आपणहून विषय काढला. "माय, तू काहीतरी बोल ना. नाही म्हण, हो म्हण." माय त्याच्या ताटात वाढत म्हणाली, "तुनं शेत, तुनं इंजन. मी काय सांगू?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. नानांच्या वेळीही ती काही बोलली नव्हती. तेव्हा केळी गेली तरी बोलली नाही, आणि आता पाइप आला तरी बोलली नाही. भाऊ भाकरी कुस्करत बसला.

आखाजीच्या सकाळी उजाडलं ते अशा आनंदात, की सांगता येत नाही. गल्लीत माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, प्रत्येक घरातून पुरणाचा वास. आमच्या घरी दुखवट्याचं वर्ष, तरी लोक दारातून डोकावून विचारून जात होते, "पानी कोठे उनं?" आमच्याकडची बातमी खात्रीची, असं सगळ्यांचं मत, कारण आमची आत्या वरच्या अंगाला, चाळीसगाव तालुक्यात, थेट काठावर दिलेली. मी कोरी घागर धुऊन पालथी ठेवली होती. वहिनीनं तिला कुंकवाची बोटं ओढली. आता फक्त नदी यायची बाकी होती.

आणि आत्याचा फोन आला. ह्या वेळी ती ओरडत नव्हती.

"पोरी, आमनाकडथून पानी कालच पुढे गयं. पन मधमा लोकेसनी इंजनं टाकात. पानी बारीक व्हई ग्यं. वाळूच पी राहिनी त्याले. तुमनाकडे आज काय येत नही, असं वाटस."

फोन स्पीकरवर होता. भाऊनं ऐकलं आणि तो भडकलाच. "वरचे लोक काय समजतात स्वतःला? प्यायचं पाणी आहे ते! खाली एवढी गावं बसली आहेत वाट बघत, आणि हे..."

तो मध्येच थांबला. कोणी त्याला थांबवलं नव्हतं. वहिनी चुलीकडे बघत होती, मी घागरीकडे, माय तर आगारीसाठी गोवऱ्या मोडत होती, तिनं मान वर केली नाही. भाऊचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. मग मोटारसायकलची किल्ली घेतली.

"अक्का, चल."

"कुठे?"

"वर. काठाकाठानं. ज्याचं ज्याचं इंजीन चालू आहे त्याला जाऊन भेटायचं. आजचा दिवस बंद करा म्हणायचं. नानांची पहिली घागर आहे."

मोठ्या काकू, नानांच्या भावजय, पुढे आल्या. "बारा वाजाना आत घागर भरनी पडस. नळनं पानी भरी ल्या आनि मोकळे व्हा."

फोन आल्यापासून माय पहिल्यांदा बोलली. "त्यास्नी जनमभर पानीनी वाट देखी. आखो घडीभर देखतीन."

मी भाऊच्या मागे बसले. खरं सांगते, नाना गेल्यापासून एवढा जोर माझ्या अंगात कधी आला नव्हता. काठानं बैलगाडीची वाट जाते, खड्ड्याखड्ड्यांची, दोन्हीकडून बाभळी. फाटे अंगाला लागत होते, साडीचा पदर मी कमरेला खोचला होता, आणि भाऊ गाडी अशी पळवत होता जशी त्यानं कॉलेजातही पळवली नसेल. खाली नदी पांढरी फटक. आम्ही दोघंही वळणावळणावर वाकून बघायचो. पाणी नाही. पुढचं वळण. पाणी नाही.

तिसऱ्या गावाच्या शिवारात इंजिनाचा आवाज आला. इथे पात्रात पाणी होतं, पण ओढ्यासारखं, घोट्याएवढं, आणि ते जेमतेम पुढे सरकत होतं. काठावर चिंचेखाली एक म्हातारेबाबा बसले होते, पाइपाच्या तोंडाशी लक्ष ठेवून. भाऊनं गाडी लावली, रामराम केला आणि सगळं एका दमात सांगितलं. आमचं गाव, नाना, पहिली घागर.

बाबांनी डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं. "तो नारळवाला नाना? पानीना संगे चालस तो? त्याना आंडोर शे का तू?"

"हो बाबा, त्यांचाच मुलगा. दिवाळीनंतर गेले ते."

"माले कोनी सांगं नही," बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पानी सुटनं का तो एक दिन पह्यले येवाचा आठे. मनी डांगरेसनी वाडी व्हती नदीमा. संगे बठीसन डांगरं काढू लागे, पानीमा जावाले नको म्हनीसन."

हे आम्हाला माहीत नव्हतं. पाण्याला घ्यायला जाणारे नाना माहीत होते. त्याच्या आदल्या दिवशी ते एवढ्या लांब वर येऊन, पात्रात डांगराच्या वाड्या केलेल्यांना सावध करतात, त्यांची फळं उचलू लागतात, हे घरात त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बाबा उठले, इंजिनाकडे वळले, आणि वळता वळता थांबले. "एक सांग. तुमनं इंजन काढं का पह्यले?"

भाऊची मान खाली गेली. मला वाटलं आता खोटं बोलतो की काय. त्यानं खिशातून फोन काढला, मायला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"माय, तो पाइप. कोणाला तरी सांग आणि नदीतून काढून घे. आत्ताच्या आत्ता."

पलीकडून माय म्हणाली, "तो तं सकायमाच गुंडायी ठेवा मी. तुनी बायको नि मी, दोन्ही गयतूत. पानी कोठे शे ते सांग."

बाबा खदखदून हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जाय," ते म्हणाले, "जाय तू पुढे." आणि इंजीन बंद झालं. तो आवाज थांबल्यावर एकदम पाण्याचा आवाज ऐकू आला. बारीक, पण होता!

मग आम्ही काठानं वर वर जात राहिलो. काही जण नानांना ओळखत होते, काही नव्हते. पहिल्या घागरीचं म्हटलं की ओळखीची गरज पडत नव्हती, आपल्याकडे ती गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. एका ठिकाणी बायकाच होत्या, त्यांनी मालकाला विचारायलाही न थांबता इंजीन बंद केलं आणि वर आम्हाला ताकही पाजलं. एक तरुण शेतकरी मात्र तयार झाला नाही. तो उद्धट नव्हता. म्हणाला, "ताई, माझी केळी ऐन घडावर आहे. आज पाणी मिळालं नाही तर घड वाकतील. तुमच्या घागरीला एक हंडा पाणी मी इथून भरून देतो, न्या ना."

भाऊ म्हणाला, "माझीही केळी आहे, भाऊ. तशीच आहे. मी तुला सांगायला नाही आलो, मागायला आलो. नाही म्हणालास तरी राग नाही."

तो नाही म्हणाला. परत येताना त्याचं इंजीन चालूच होतं. मला त्याचा राग आला होता, भाऊला आला नाही. "त्याच्या जागी मी कालपर्यंत होतो," एवढंच तो म्हणाला.

परत फिरलो तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत पात्र भरत होतं. मघाशी ओढा होता तिथे आता दोन्ही काठांच्या मधला निम्मा पट्टा पाण्याचा. बाबांच्या चिंचेखाली आलो तर ते उभे होते, हातात एक मोठं पिकलेलं डांगर. "घागरवर ठेवा," म्हणाले. मी ते मांडीवर घेतलं. त्याच्या वासानं सगळी वाट भरून गेली.

आमच्या वरच्या वळणाच्या थोडं अलीकडे आम्ही पाण्याला गाठलं. म्हणजे पाण्याच्या तोंडाला. कोणी पाहिलं नसेल तर त्याला कसं सांगू? कोरड्या वाळूवरून एक तपकिरी जीभ सरकत येते. तिच्या पुढे फेस, वाळकी पानं, काड्या, बाभळीच्या शेंगा. पुढे पुढे बगळे चालतात, वाळूतून पळत सुटलेले किडे टिपत. वाळूच्या भोकाभोकातून बुडबुडे निघतात, चुरचुर आवाज येतो, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. मध्ये खड्डा आला की पाणी थांबतं, आता संपलं असं वाटतं, आणि खड्डा काठोकाठ भरून पुन्हा पुढे निघतं.

"अक्का, तू हिच्याबरोबर ये," भाऊ म्हणाला. "मी पुढे जाऊन सांगतो." डांगर घेऊन तो भुर्रकन गेला.

मी चपला हातात घेतल्या. वाळू भाजत होती, म्हणून ओल्या कडेनं चालले. पायाला गार लागलं आणि मला रडू आलं, आणि त्याच वेळी हसूही. दोन्ही एकदम चालू होतं. "चल माय, चल," मी म्हणत होते, मोठ्यानं, लाज न वाटता. आजूबाजूच्या शेतांतून माणसं काठावर येत होती. कोणी मला नावानं हाक मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. एक कुत्रं पाण्याच्या तोंडाशी येऊन भुंकायचं, पाणी पुढे आलं की शेपूट घालून मागे पळायचं, परत भुंकायचं. त्याला मी सांगत होते, "अरे, ओळखीची आहे!"

वळण ओलांडलं आणि गाव दिसलं. अख्खा काठ माणसांनी भरलेला. झोके सोडून आलेल्या पोरी, नव्या साड्या, कडेवर लेकरं. "उनी! उनी! गिरणामाय उनी!" असा गलका झाला, की बगळे उडाले.

खाली पात्रात माय उभी होती. हातात नानांचं ताट. नारळ, खण, हळदकुंकू, गहू. ती घरात घागरीपाशी बसून राहील, ओटी भाऊ भरेल, असं मी धरून चालले होते. नाना गेल्यापासून माय घराच्या उंबऱ्याबाहेर क्वचितच आली होती. मोठ्या काकू तिच्या मागोमाग उतरत होत्या. चारचौघांत बोलू नये म्हणून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं त्या म्हणाल्या, "वटी पोऱ्याले भरू दे वं. तुले आते चालत नही."

माय वळली. तिनं काकूंकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "नाना भरेत, त्यास्ले कोठला नवरा व्हता?"

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग पहिली हसली ती वहिनी. मग शेजारच्या बायका. मग काठावरचे पुरुष. हसू असं पसरत गेलं, की काकूंनी आधी पदर तोंडाला लावला आणि मग त्याही हसल्या, पोट धरून. पाणी तोवर मायच्या पावलांना लागलं होतं. ती वाकली. वाहत्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं, गहू सोडले, खण-नारळ सोडला. नारळ दोनदा गिरकी घेऊन फेसाबरोबर निघून गेला. तिनं हात जोडले. बराच वेळ जोडलेले. ती काय म्हणाली ते मला ठाऊक नाही, विचारलंही नाही.

घागर भाऊनं भरली. पाणी गढूळ, म्हणून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळून. घरी आणून गव्हाच्या राशीवर ठेवली, वर बाबांचं डांगर, सांजोरी. माध्यान्ह टळून गेली होती, पण काकूंनी तो विषय काढला नाही. निखाऱ्यांवर भाऊनं तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला. भक्कन ज्वाळ उठली. "नाना, जेवा," तो म्हणाला. आम्ही सगळे रडलो तिथे. मग सगळे जेवायला बसलो आणि आमरसाच्या वाट्यांवर वाट्या झाल्या. नानांना पाटावर बसून रडणारा माणूस आवडायचा नाही.

केळीचं काय झालं, ते लोक नंतर विचारतात. नदीच्या बाजूची बाग आमची गेली, तेही खरं सांगितलं पाहिजे. नदीला हात जोडले म्हणून काही चमत्कार झाला नाही. घराकडची बाग वाचली, कारण शेजारच्या शेतकऱ्यानं त्याच्या बोअरचं पाणी एकाआड एक दिवस आम्हाला दिलं. भाऊनं मागितलं नव्हतं. त्यानं आखाजीला मायला आणि वहिनीला पाइप गुंडाळताना पाहिलं होतं. नानांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटातलं घेतलं नाही, तरी आमचं ताट कधी पूर्ण रिकामं राहिलं नाही. ह्याला देव म्हणावं की शेजार, मी ठरवू शकलेली नाही. नानांना तो फरक कधी पडला नसावा.

पण त्या दिवशी हे काही डोक्यात नव्हतं. जेवणं आटोपली, बायका पुन्हा झोक्यांकडे गेल्या. मला वाटलं माय आता आडवी होईल. ती मात्र डोक्यावरून पदर नीट करत बाहेर आली आणि भाऊला म्हणाली, "गाडी काढ."

"आता कुठे?"

"आनी, वटी भरी. आते तिले पुढला गावलगून धाडाले नको का?"

नानांनी हे कधी केलं नव्हतं. त्यांचं काम पाण्याला आणायचं. पुढे पोचवायला जायची ही कल्पना मायची स्वतःची होती. मग एकच धावपळ उडाली. भाऊच्या मागे माय बसली, एका बाजूला पाय करून, त्याचा खांदा घट्ट धरून. वहिनीच्या स्कूटीवर मागे मी. खालच्या काठानं निघालो. ऊन कलतीला लागलं होतं, डावीकडे आमच्या बरोबरीनं नदी चालली होती, आता तिला चांगला पाट झाला होता आणि तिच्यावर ऊन चकाकत होतं.

पाण्याचं तोंड आम्ही पुढच्या गावाच्या जरासं अलीकडे ओलांडलं. पलीकडे, कोरड्या पात्रात, बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. त्यांना वरची बातमी कळली नसावी, कारण त्या वाळूत खणलेल्या झऱ्यातून वाटी वाटीनं पाणी खरवडून काढत होत्या. भाऊनं ब्रेक लावला. गाडी नीट थांबायच्या आतच माय उतरली, काठाच्या टोकाला गेली, दोन्ही हात वर केले, आणि माझ्या अबोल मायनं एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की सगळ्या बायकांनी एकदम वर पाहिलं.

"उठा वं बायासहो! हंडा ल्या, हंडा! उनी, ती उनी!"